वाचक थोडेच असताना ब्लॉग लिहीत राहणे: मन कसे राखता?

रिकामी वही (धागाकर्ता)

गेली सात वर्षे मी रूपविकारी ताऱ्यांविषयी, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होत राहते अशा ताऱ्यांविषयी, ब्लॉग लिहितो आहे. आजवर १८३ नोंदी झाल्या. एका नोंदीला साधारण वीस-बावीस वाचने मिळतात आणि त्यांतली काही माझीच असतात, कारण नोंद प्रकाशित केल्याशिवाय मला शुद्धलेखनाच्या चुका दिसत नाहीत आणि त्या दुरुस्त करताना मी ते पान पुन्हा पुन्हा उघडतो.

गेल्या महिन्यात मी अल्गोल या ताऱ्यावर लिहिले. तो दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, कारण त्याच्याबरोबर फिरणारा मंद जोडीदार त्याच्या आड येतो. हे ग्रहण सुमारे दहा तास चालते, आणि ते पाहायचे तर त्याचा मधला भाग रात्री, तोही निरभ्र रात्री, यावा लागतो. तीन आठवड्यांत मला अशा दोनच रात्री मिळाल्या. दर पंधरा मिनिटांनी शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून मी तेजाचा अंदाज वहीत टिपला, त्यावरून हाताने आलेख काढला, त्याचे छायाचित्र घेतले आणि नोंद टाकली. दुसऱ्या दिवशी दात घासायच्याही आधी आकडेवारीचे पान उघडले. चौदा. त्यांतल्या पाच वेळा मीच होतो.

त्या सकाळी मला अपमान झाल्यासारखे वाटले, आणि अपमान करणारे तर कोणीच नव्हते. कोणी आलेच नव्हते, हीच तर तक्रार होती.

वाचक कसे वाढवावेत, हा माझा प्रश्न नाही. ‘लिहीत राहा, एक ना एक दिवस दखल घेतली जाईल’ असा धीरही मला नको आहे, कारण ते कदाचित खरे ठरणार नाही, आणि अशा आशेवर टेकलेला उत्साह सहा महिन्यांत ढासळतो हे मी दोनदा अनुभवले आहे. मला विचारायचे आहे ते असे: वाचक वीसच राहणार आहेत असे गृहीत धरले, तर त्या विसांबद्दलची कृतज्ञता तुम्ही मनात कशी टिकवता? आणि ती खरी कृतज्ञता आहे की आपणच आपली घातलेली समजूत, हे कसे ओळखता?

सुई-दोरा

मी जुन्या शिवणयंत्रांच्या दुरुस्तीबद्दल अकरा वर्षे लिहिते आहे. विषयच असा आहे की ज्याचे यंत्र बिघडले आहे तोच वाचणार, आणि यंत्र सुरू झाले की निघून जाणार. माझी नोंद जितकी चांगली उतरेल तितका वाचक लवकर हातचा जातो, हे मी कधीच मान्य केले आहे.

टाके का सुटतात यावर मी चार वर्षांपूर्वी एक नोंद लिहिली होती. सुई सर्वांत खाली जाऊन परत वर येऊ लागली, की साधारण दोन-सव्वादोन मिलिमीटर वर आल्यावर शटलचे, म्हणजे खालच्या बाजूला फिरत दोरा पकडणाऱ्या भागाचे, टोक तिच्या नेढ्याच्या किंचित वर पोचलेले असावे लागते; त्या क्षणी सुईमागे दोऱ्याचा जो बारीकसा फास तयार होतो तो त्या टोकाने उचलला, तरच टाका पडतो. एवढेच सांगण्यासाठी मी नऊ छायाचित्रे काढली होती, आणि त्यांतल्या सहांत माझाच अंगठा आड आला होता. पहिल्या वर्षभरात त्या नोंदीला अकरा वाचने मिळाली. पुढे मीही ती विसरले.

यंदा एका अनोळखी बाईंचे पत्र आले. त्यांनी आपले यंत्र भंगारात द्यायला काढले होते. शेवटचा प्रयत्न म्हणून माझी नोंद फोनवर उघडून शेजारी ठेवली, स्क्रू सैल केला, चाक हाताने हळूहळू फिरवत ते टोक जुळवले आणि रात्री साडेअकराला पहिली अखंड शिवण घातली. सोबत त्या शिवणीचे छायाचित्र होते. जुन्या उशीच्या अभ्र्यावरची लाल दोऱ्याची वेडीवाकडी ओळ होती ती, पण एकही टाका सुटलेला नव्हता. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले होते की मी सुईची चपटी बाजू डावीकडे ठेवायला सांगितली आहे, त्यांच्या यंत्रात मात्र ती उजवीकडे ठेवावी लागते, तेव्हा तेवढे दुरुस्त करावे.

मला त्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ ही शेवटचीच वाटते. आभार कोणीही मानतो. चूक दाखवायला मात्र नोंद ओळीओळीने वाचावी लागते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की विसांबद्दल कृतज्ञता वाटूच शकत नाही, आणि वीस हजारांबद्दलही वाटली नसती. ती वाटते एकेका माणसाबद्दल. मी एक वही ठेवली आहे. त्यात कोणी लिहिले, कोणते यंत्र होते आणि काय जमले किंवा जमले नाही, एवढेच टिपते. अकरा वर्षांत चौसष्ट ओळी झाल्या आहेत. मन खट्टू झाले की आकडेवारीचे पान न उघडता ती वही उघडते.

जाता जाता एक विचारते: हा अल्गोल दुर्बिणीशिवाय दिसतो का? मी आकाशातले काहीही ओळखत नाही.

सरासरी

मनाचा भाग इतरांवर सोपवून मी त्या चौदाविषयी बोलतो, कारण ज्या आकड्यामुळे तुमची सकाळ नासली तो बहुधा चौदा नव्हताच.

वाचने मोजणारी साधने काय मोजतात हे एकदा नीट पाहिले की त्यांच्यावरचा विश्वास बराच उतरतो. अनेकांनी वर्षानुवर्षे वापरलेली गूगल ॲनालिटिक्सची जुनी आवृत्ती, जी जुलै २०२३ मध्ये बंद झाली, ती पानावर घालवलेला वेळ वजाबाकीने काढत असे: पुढचे पान उघडल्याच्या वेळेतून हे पान उघडल्याची वेळ वजा करायची. जो वाचक एकच नोंद उघडून, ती वीस मिनिटे मन लावून वाचून, समाधानाने खिडकी बंद करी, त्याच्या बाबतीत पुढचे पानच नसल्यामुळे वजाबाकी होत नसे आणि त्याचा वेळ शून्य धरला जाई. वर ‘आला तसा परत गेला’ या रकान्यात त्याची भर पडे. म्हणजे छोट्या ब्लॉगचा जो आदर्श वाचक, त्याचीच नोंद सर्वांत वाईट वाचक म्हणून होत होती. नव्या आवृत्तीत मोजणीची रीत बदलली आहे, पण जाहिराती अडवणारी साधने वापरणारे कित्येक वाचक आजही अशा मोजणीत येत नाहीत, आणि फीडमधून किंवा ईमेलमधून नोंद पूर्ण वाचणाराही सहसा तुमच्या पानावर उमटत नाही. उलट बाजूला, आपोआप पाने चाळत फिरणारे बॉट काही मोजण्यांत माणसे म्हणून घुसतात. तेव्हा तुमचे चौदा हे तीन असतील किंवा तीस असतील.

दुसरी गोष्ट तुलनेची. इंटरनेटवर लिहिणारे अमेरिकन लेखक क्ले शर्की यांनी २००३ मध्येच दाखवून दिले होते की ब्लॉगांमध्ये वाचकांचे लक्ष समान वाटले जात नाही; मूठभरांकडे त्याचा मोठा वाटा जातो आणि उरलेल्या प्रचंड संख्येच्या वाट्याला थोडेथोडे येते. यात कोणाचे कारस्थान लागत नाही. प्रत्येकाने दुसऱ्याची निवड पाहून आपली निवड थोडी जरी बदलली तरी हाच आकार तयार होतो. अशा वाटणीत सरासरी काढणे निरर्थक असते, आणि हे मी या टोपणनावाने लिहितो आहे याची मला जाणीव आहे.

याला जोडून आणखी एक. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये मांडले की बहुतेक माणसांच्या मित्रांना सरासरीने त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात, कारण ज्याला पुष्कळ मित्र आहेत तोच पुष्कळांच्या यादीत सापडतो. ब्लॉगांचेही तसेच आहे. तुमच्या वाचनात जे ब्लॉग येतात ते तुमच्यापर्यंत पोचले, म्हणजे मुळातच जास्त वाचले जाणारे आहेत. वीस वाचकांचे असंख्य ब्लॉग तुम्हाला कधी दिसलेच नाहीत, म्हणून आपण एकटेच मागे पडलो आहोत असे वाटते. हे कळल्याने हुरूप येतो असे मी म्हणत नाही, पण निदान चुकीच्या हिशेबावरून खचणे तरी थांबते.

दोन ओळी

मी तीन वर्षांपूर्वी ब्लॉगवरून मोजणीचा कोडच काढून टाकला. पहिले दोन आठवडे हात आपोआप तिकडे जात असे; आता नोंद टाकली की खिडकी बंद करतो आणि भांडी घासायला जातो.

मुद्रितशोधक

माझे म्हणणे थोडे कडू लागेल. कृतज्ञता चांगली, पण ती आळसाची ढाल होऊ शकते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. तीन-चार वर्षे मी ‘मोजक्या पण दर्दी वाचकांसाठी लिहितो’ असे मोठ्या तोऱ्यात म्हणत असे. हे दर्दी वाचक म्हणजे माझा भाऊ आणि दोन जुने सहकारी. त्यांना सगळे मागचेपुढचे आधीच ठाऊक असल्यामुळे मी ते देणे सोडून दिले, नावे अर्धवट लिहू लागलो आणि मूळ मुद्दा गृहीत धरून त्याच्या शेपटापासून सुरुवात करू लागलो. एकदा एका अनोळखी माणसाने खाली विचारले, ‘हा लेख कशाबद्दल आहे?’ त्याच्या विचारण्यात कुत्सितपणा नव्हता. त्याला खरोखरच कळले नव्हते, आणि मी परत वाचून पाहिले तेव्हा मलाही कळायला वेळ लागला.

रिकामी वही, तुमची अल्गोलची नोंद मी काल वाचली. आलेख सातव्या परिच्छेदानंतर येतो. त्याआधी ‘अल्गोल’ हे नाव राक्षसाचे मस्तक या अर्थाच्या अरबी शब्दांवरून कसे आले, ते आहे. आपण दुर्बीण का वापरली नाही याचा खुलासा आहे. आणि मागची नोंद लिहायला उशीर का झाला याबद्दलची दिलगिरी आहे, जी कोणी मागितलेली नव्हती. तीन आठवड्यांचे जागरण ज्या एका चित्रात दिसते ते तुम्ही माळ्यावर टाकून ठेवले आहे. आलेख उत्तम आहे. तेज उतरायला लागते तिथला तुमचा एक बिंदू रेषेबाहेर गेला आहे आणि तो तुम्ही तसाच ठेवला आहे, हे मला विशेष आवडले. पण तिथवर मी पोचलो तो हा प्रश्न वाचून कुतूहल वाटले म्हणून. विसांबद्दल कृतज्ञ राहायचे तर त्यांना सात परिच्छेद ताटकळत ठेवू नये, असे मला वाटते.

रिकामी वही

मुद्रितशोधक, वाचून प्रथम राग आला, मग नोंद उघडली आणि राग कोणावर काढावा हे कळेना. आलेख आता दुसऱ्या परिच्छेदात आणला आहे. दिलगिरी काढून टाकली. नावाच्या व्युत्पत्तीवर जीव जडला असल्याने ती तळाशी ठेवली आहे, तेवढी राहू द्यावी. रेषेबाहेरच्या त्या बिंदूच्या वेळी पातळ ढग आडवा आला असावा असा माझा तर्क आहे, पण वहीत तशी टीप नाही, म्हणून तो खोडायचा अधिकार मला नाही असे वाटले.

सरासरी यांनी तुलनेचा विषय काढला म्हणून एक कबुली देतो. माझ्याच विषयावर दोन वर्षांपूर्वी सुरू झालेला एक ब्लॉग आहे, ज्याला भरपूर वाचक आहेत. मी तो नियमाने उघडतो. मध्यंतरी लक्षात आले की मी तो वाचत नाही, तपासतो. चूक सापडली की त्या दिवशी मला बरे वाटते. कृतज्ञतेविषयी प्रश्न विचारणाऱ्याने हे लपवून ठेवणे बरे नव्हे. तुमच्यापैकी कोणाचे असे होते का?

उतरता आलेख

होते, आणि मी तर दुसऱ्या टोकाकडून आले आहे, तेव्हा सविस्तर लिहिते.

मी गणिती कोडी लिहिते. एका नोंदीला नव्वद-शंभर वाचने मिळत आणि मी सुखात होते. एके दिवशी पुष्कळ अनुयायी असलेल्या कोणीतरी माझे एक कोडे पुढे पाठवले आणि दोन दिवसांत आकडा पाच अंकी झाला. खाली शेकडो प्रतिक्रिया आल्या. मी रात्री जागून त्या सगळ्या वाचल्या. कोडे सोडवण्याचा प्रयत्न केलेले लोक मला त्यांत सहा किंवा सात सापडले. उरलेले प्रश्नाच्या शब्दरचनेवरून एकमेकांशी भांडत होते, आणि दोघांनी तर मला गणित येत नाही असे निदान करून ठेवले होते. तरीही त्या दोन दिवसांत मी हवेत होते, हे नाकारत नाही.

पुढच्या नोंदीला पुन्हा नव्वद वाचने मिळाली. पूर्वी हेच नव्वद मला भरलेले सभागृह वाटत. आता ती गळती वाटू लागली. नव्वद माणसे तीच होती, त्यांनी काहीच वेगळे केले नव्हते, आणि मी मात्र त्यांच्यावर मनातल्या मनात रुसले होते. मानसशास्त्रज्ञ ब्रिकमन आणि कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये सुखाच्या ट्रेडमिलची कल्पना मांडली, ती मला तेव्हा प्रथम नीट समजली: मिळालेले लवकरच अंगवळणी पडते आणि तेवढेच समाधान मिळायला आणखी पळावे लागते. रिकामी वही, तुम्हाला वीस हजार वाचक मिळाले तर हा प्रश्न सुटेल असे समजू नका. तो तुमच्याबरोबर येईल.

मला सर्वांत उपयोगी पडला तो लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रे काढायची मुळातच आवड होती, त्यांतल्या काहींना आधी सांगितले की रंगीत पेनांनी चित्र काढलेत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र काही न सांगता अचानक दिले आणि काहींना काहीच दिले नाही. थोड्या दिवसांनी तीच पेने पुन्हा समोर ठेवली, तेव्हा बक्षिसाचा वायदा मिळालेली मुले चित्रांत इतरांच्या साधारण निम्माच वेळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

त्यावरून मी स्वतःपुरता अर्थ असा काढला की पत्र येण्यात वाईट काही नाही, पत्र येईल म्हणून लिहिण्यात आहे. सुई-दोरा यांना चार वर्षांनी आलेले पत्र अचानक मिळालेले प्रशस्तिपत्र आहे. तुम्ही सकाळी दात न घासता उघडलेले पान वायद्याचे आहे. मी आता नोंद टाकल्यानंतर चौदा दिवस आकडा पाहत नाही. आठवडा पुरेल असे आधी वाटले होते, पण सातव्या दिवशी मी घड्याळ बघत बसले, म्हणून मुदत दुप्पट केली.

हेव्याबद्दल माझ्याकडे एकच तोडगा आहे आणि तो करताना घशाशी येते. मीही एका ब्लॉगच्या चुका शोधत असे. एक दिवस तिथल्या सिद्धतेतली एक पायरी मला खरोखरच कळली नाही, म्हणून नाव लावून शंका विचारली. दोन तासांत लांबलचक उत्तर आले आणि शेवटी लिहिले होते की एवढ्या प्रतिक्रियांत वर्षभरात कोणी शंका विचारलीच नव्हती. त्यांच्याकडे ‘छान’ म्हणणारे हजार होते आणि विचारणारे कोणी नव्हते. त्यानंतर मला तिथल्या चुका शोधता आल्या नाहीत. म्हणजे सापडतात, पण आता कळवते.

जुनी पाने

चर्चा छान चालली आहे. मला या संदर्भात ग्रेगोर मेंडेल आठवतो. वाटाण्याच्या झाडांवरचा त्याचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला, त्याने चाळीस प्रती मागवून घेतल्या, त्यांतल्या काही जाणकारांना पाठवल्या, आणि पुढची कित्येक वर्षे त्याचे महत्त्व कोणाच्याही लक्षात आले नाही. १८८४ मध्ये तो वारला आणि १९०० मध्ये त्याचे आनुवंशिकतेचे नियम पुन्हा शोधले गेले. त्याचप्रमाणे हेन्‍री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकाच्या पहिल्या पुस्तकाच्या १,००० प्रती १८४९ मध्ये छापल्या होत्या, आणि १८५३ मध्ये प्रकाशकाने न खपलेल्या ७०६ प्रती त्याच्या घरी परत पाठवल्या.

सरासरी

जुनी पाने, आपल्याविषयी आदर ठेवून सांगतो, ही उदाहरणे मला नेहमी घातक वाटतात. मेंडेल आपल्याला ठाऊक आहे तो पुढे सापडला म्हणून. जे सापडले नाहीत त्यांची नावे आपण इथे लिहूच शकत नाही, आणि त्यांची संख्या कितीतरी पटींनी मोठी असणार. धागाकर्त्याने सुरुवातीलाच सांगितले आहे की ‘एक ना एक दिवस’ हा धीर नको. मेंडेल म्हणजे तोच धीर, फक्त मरणोत्तर.

जुनी पाने

मान्य आहे, मेंडेल मागे घेतो. थोरोला मात्र राहू द्या, कारण मला त्याची पुढची कीर्ती सांगायची नव्हती. मी घाईत अर्धेच लिहिले.

त्याने त्या दिवशीची हकिकत रोजनिशीत टिपून ठेवली आहे. त्या ७०६ प्रती त्याने स्वतःच्या पाठीवरून दोन जिने चढवून वर नेल्या. त्या पुस्तकांना चांगलेच वजन आहे, कीर्तीपेक्षा भरीव वजन, असे त्यावर त्याने म्हटले आहे. आता आपल्या ग्रंथसंग्रहात सुमारे नऊशे पुस्तके आहेत आणि त्यांपैकी सातशेहून अधिक आपणच लिहिलेली आहेत, अशी थट्टाही केली आहे. आणि त्यापुढे असे नोंदवले आहे की त्या निर्जीव ढिगाऱ्याशेजारी बसूनच आपण आज रात्री नेहमीच्याच समाधानाने लेखणी हातात घेत आहोत. त्या रात्री त्याला पुढचे काहीच ठाऊक नव्हते. पाठ दुखत असणार, आणि ज्या २९४ प्रती गेल्या त्यांतल्याही ७५ फुकट वाटलेल्या होत्या. मला रस आहे तो त्या रात्रीत.

सरासरी

ही हकिकत मला ठाऊक नव्हती. आक्षेप मागे घेतो. २१९ प्रती खपल्या होत्या, म्हणजे.

मूक वाचक

मी ब्लॉग लिहीत नाही, वाचते. इथेही बहुधा पहिल्यांदाच लिहिते आहे. तुम्ही सगळे ज्यांच्याविषयी बोलत आहात त्या गप्प बसणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द सांगावेत असे वाटले.

लोक संकेतस्थळे कशी वापरतात याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ नियम सांगितला होता की अशा ठिकाणी शंभरातले नव्वद जण नुसते वाचतात, नऊ जण क्वचित लिहितात आणि एकच जण सतत लिहितो. मी त्या नव्वदांतली. आम्ही का लिहीत नाही? मला वाटते, कारण आवडले असेल तर ‘आवडले’ हा शब्द फार थिटा वाटतो, आणि त्याहून बरे काही सुचेपर्यंत दिवस निघून जातो. जी नोंद मला सर्वांत खोल भिडली तिच्याखाली मी काहीच लिहिले नाही. सुमार नोंदींखाली मात्र सहज ‘छान’ लिहून मोकळी झाले आहे. तुमच्या आकडेवारीत हे कसे दिसत असेल कोण जाणे.

एका गृहस्थांचा पक्ष्यांच्या आवाजांवरचा ब्लॉग मी सहा वर्षे वाचला. ते एकाच झाडाखाली रोज पहाटे वीस मिनिटे बसत आणि ऐकलेले शब्दांत उतरवत. त्यांच्यामुळे मला आमच्या खिडकीबाहेरचे तीन पक्षी न बघता ओळखता येऊ लागले. एकदा त्यांनी लिहिले की हे कोणी वाचते की नाही कळत नाही. मी उत्तर लिहायला घेतले, ते फार भाबडे वाटले, पुसले. काही महिन्यांनी नोंदी थांबल्या. आता तो पत्ता उघडला तर पान सापडत नाही असा संदेश येतो. ते पुसलेले उत्तर मला अजून जवळपास शब्दशः आठवते.

सुई-दोरा

मूक वाचक, तुमचे हे लिखाण माझ्या वहीत उतरवून घेते, यंत्राच्या रकान्यात काय लिहावे ते मात्र कळत नाही.

वहीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ एमन्स आणि मॅकलॉ यांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही जणांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितले होते. त्रासदायक गोष्टी लिहायला सांगितलेल्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांना आपले आयुष्य एकंदरीत अधिक बरे वाटू लागले, असे आढळले. ते वाचून मी उत्साहाने रोज लिहू लागले आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्या वहीत ‘वाचकांची आभारी आहे’ हे एकच वाक्य रोज उतरू लागले, शाळेत शिक्षा म्हणून लिहितात तसे. तेव्हापासून काही घडले तरच लिहिते. दोन-दोन महिने पान कोरे राहते, आणि त्याला माझी हरकत नाही.

अर्धविराम

कोणी म्हटले नाही म्हणून म्हणतो: थांबणेही चालते. मी दोन वर्षे थांबलो होतो. वाचक कृतघ्न आहेत असे वाटू लागले होते आणि त्या मनःस्थितीत लिहिलेल्या शेवटच्या पाच नोंदी आज मला वाचवत नाहीत. थांबण्याआधी सगळ्या नोंदी उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवल्या, एवढे शहाणपण मात्र केले. ज्या सेवेवर आपण लिहितो ती उद्या असेलच असे नाही. परत आलो तेव्हा कोणी विचारले नाही की कुठे होता. याचे वाईट वाटेल अशी भीती होती, प्रत्यक्षात सुटल्यासारखे वाटले.

रिकामी वही

सर्वांचा आभारी आहे. आज त्या दुसऱ्या ब्लॉगवर एक शंका विचारून आलो. घशाशी येते हे खरे आहे. मूक वाचक, तुम्ही लिहिलेले मी दोनदा वाचले.

सुई-दोरा यांच्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले होते. होय, अल्गोल साध्या डोळ्यांनी दिसतो. ययाती तारकासमूहात तो आहे; एखाद्या आकाशनकाशात ययाती शोधा, त्यात सर्वांत ठळक मिरफाक आणि त्याच्या खालोखाल अल्गोल. शेजारच्या देवयानी समूहातला अल्माक नावाचा तारा आधी ओळखून ठेवा, कारण एरवी अल्गोल जवळजवळ त्याच्याइतकाच तेजस्वी असतो, दोघांची प्रत, म्हणजे तेजाचे माप, सुमारे २.१ (हा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). ग्रहणाच्या मध्याला अल्गोलची प्रत ३.४ पर्यंत उतरते, म्हणजे ययातीतलाच एप्सिलॉन हा २.९ प्रतीचा तारा त्याच्याहून उजळ दिसू लागतो. एका रात्री अल्माकशी जुळणारा तारा दुसऱ्या रात्री एप्सिलॉनपेक्षा मंद दिसला, की समजा सापडला. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे द्या आणि तोवर फोनकडे पाहू नका. ग्रहणमध्याच्या पुढच्या तीन वेळा आज रात्री काढतो आणि नोंदीच्या तळाशी, त्या व्युत्पत्तीच्या वर, लिहून ठेवतो. ढग आले तर पुढची वेळ पावणेतीन तास कमी तीन दिवसांनी नव्हे, तीन तास अकरा मिनिटे कमी तीन दिवसांनी येते; हे मी एकदा चुकलो होतो आणि रात्रभर एका धडधाकट ताऱ्याकडे बघत बसलो होतो.